मुलांना कर्बवायूचा हिशेब शिकवितांना

शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या विषयांपैकीं कांहीं विषय असे असतात, कीं ते फळ्यावरून थेट वहींत उतरतात आणि परीक्षा उलटली म्हणजे वहीबरोबरच रद्दींत जातात. दुसरे कांहीं विषय वहींत राहत नाहींत. ते मुलांबरोबर घरीं येतात, पानावर बसतात आणि जेवतांजेवतां वडीलधाऱ्या मंडळींना प्रश्न विचारूं लागतात. हवा तापविणारे वायु, त्यांचें उत्सर्जन आणि तें आवरण्याकरितां राष्ट्रांनीं आंखलेलीं धोरणें हा विषय ह्या दुसऱ्या जातीचा आहे. गेलीं कित्येक वर्षें चंद्रपुरास एका माध्यमिक शाळेंत नववी-दहावीच्या वर्गांना मी तो शिकवीत आहें. चंद्रपूर म्हणजे कोळशाचें गांव. भूमीखालीं कोळसा, भूमीवर औष्णिक वीजकेंद्राचीं उंच धुरांडीं, आणि वैशाख लागला कीं ४५ अंशांच्याहि वर चढणारा पारा. अशा गांवीं हा विषय दूरच्या एखाद्या ज्वालामुखीसारखा अलिप्तपणें शिकवितां येत नाहीं. कारण समोर बसलेल्या मुलांपैकीं कित्येकांच्या घरची चूल त्याच कोळशाच्या पगारावर पेटत असते.

पर्यावरणाचें शिक्षण शाळांतून सक्तीनें द्यावें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें एम. सी. मेहता यांच्या अर्जावर १९९१ सालीं दिला, आणि त्याची अंमलबजावणी नीट व्हावी म्हणून २००३ सालीं पुन्हां आज्ञा केली. न्यायालयाच्या आज्ञेनें विषय पुस्तकांत येतो. मुलाच्या मनांत शिरण्यास त्याला निराळी वाट शोधावी लागते. परीक्षेचा रिवाज सर्वांच्या परिचयाचा आहे. कारणें सांगा, परिणाम सांगा, उपाय सांगा. आणि उपायांत पहिला उपाय ‘झाडें लावावींत’. एवढें लिहिलें कीं गुण मिळतात. पृथ्वीचें काय होतें, हा प्रश्न उत्तरपत्रिकेच्या बाहेर राहतो.

म्हणून मी आरंभ दुधापासून करितें. वाटीभर दुधांत केशराच्या दोन काड्या टाकिल्या तर सगळें दूध पिवळें होतें, हें प्रत्येक मुलानें कोजागिरीला पाहिलेलें असतें. हवेच्या १० लाख भागांत कर्बवायूचे, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइडचे, भाग यंत्रयुगापूर्वीं सुमारें २८० होते. चार्ल्स कीलिंग ह्या शास्त्रज्ञानें १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हां ते सुमारें ३१५ भरले, आणि २०२४ सालीं ४२० च्याहि पुढें गेले. ‘बाई, १० लाखांत ४००! एवढ्याशानें काय होणार?’ हा प्रश्न दरवर्षीं कोणी ना कोणी विचारतोच, आणि त्याला उत्तर केशराचेंच द्यावें लागतें. हवेंत मुख्यतः नत्रवायु व प्राणवायु असतात. तापलेल्या भूमींतून जी अदृश्य उष्णता किरणांच्या रूपानें आकाशाकडे जाते, तिला हे दोन्ही वायु अडवीत नाहींत. अडविण्याचें काम पाण्याची वाफ, कर्बवायु, मिथेन अशीं थोडकीं मंडळी करितात. तीं मुळींच नसतीं, तर पृथ्वीचें सरासरी तपमान शून्याखालीं १८ अंशांच्या जवळ राहिलें असतें. आज तें शून्यावर १५ अंशांच्या आसपास आहे. तेव्हां हा वायु म्हणजे विष नव्हे. आमटींत मीठ असावें तसा तो हवेंत असावा. पण हात सैल सुटला कीं आमटी बिघडते, आणि पडलेलें मीठ काढून घेणें सुगरणीलाहि साधत नाहीं.

हा शोध कोणी लाविला, हें सांगतांना वर्गांतील मुलींकडे मी मुद्दाम पाहतें. अमेरिकेंतील युनिस फूट नांवाच्या बाईंनीं कांचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायु भरून तीं उन्हांत ठेविलीं आणि आंत थर्मामीटर घातले. कर्बवायूचें नळकांडें सर्वांत अधिक तापलें आणि निवण्यासहि त्यालाच अधिक वेळ लागला. ह्या वायूचें हवेंतील प्रमाण वाढल्यास पृथ्वी अधिक उष्ण होईल, असा तर्क त्यांनीं १८५६ सालीं मांडिला. विद्वानांच्या सभेंत त्यांचा निबंध वाचला तो जोसेफ हेन्री ह्या पुरुष शास्त्रज्ञानें. पुढें १८५९ सालीं जॉन टिंडॉल यांनीं अदृश्य उष्णताकिरण कोणते वायु अडवितात हें नेमकें मोजून दाखविलें व त्यांचें नांव झालें. बाईंचें नांव मात्र दीडशें वर्षें कोणास आठवलें नाहीं. ही हकीकत ऐकून मागच्या बांकांवरच्या मुलीहि ताठ बसतात.

त्यानंतर मनांतलीं जळमटें झाडण्याचें काम येतें. निम्मा वर्ग समजत असतो, कीं ओझोनच्या थराला पडलेल्या भोंकांतून ऊन जास्त येतें व म्हणून पृथ्वी तापते. तें प्रकरण निराळें आहे. त्यावर १९८७ च्या माँट्रियल करारानें उपाय योजिला, आणि तो थर आतां हळूहळू भरून येत आहे. दुसरी समजूत आमच्या गांवची खास आहे. धुरांड्यांतून दिसतो तो धूर, आणि धूर म्हणजेच कर्बवायु! वास्तविक दिसते ती राख किंवा वाफ. राख पकडण्याचीं यंत्रें आहेत व तीं चांगलीं चाललीं तर धुरांड्याचें तोंड स्वच्छ दिसतें. परंतु कर्बवायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि राखेच्या यंत्रांना तो दादहि देत नाहीं. स्वच्छ दिसणारें धुरांडेंसुद्धां तेवढाच वायु सोडीत असतें, हें कळल्यावर मुलें प्रथमच डोळ्यांवरचा विश्वास थोडा कमी करून आंकड्यांकडे वळतात.

आंकडे घरापासून सुरू होतात. प्रत्येकानें घरचें विजेचें बिल आणावयाचें आणि सिलिंडर किती दिवस पुरतो तें आईला विचारून यावयाचें. आपल्या देशांत सर्व प्रकारची वीज एकत्र धरली तर एका युनिटामागें सुमारें ७०० ग्रॅम कर्बवायु पडतो. १४.२ किलोंच्या एका सिलिंडरचे सुमारें ४२ किलो होतात. जळण १४ किलो आणि वायु ४२ किलो, हें वजन आलें कोठून? कर्बाचा प्रत्येक अणु जळतांना हवेंतून प्राणवायूचे दोन अणु उचलतो, म्हणून १२ भाग कर्बाचे ४४ भाग होतात. मुलांना हें इंद्रजालासारखें वाटतें. आमच्या घरीं ११ माणसें एका चुलीवर जेवतात. महिन्यास ३०० युनिटें वीज व दोन सिलिंडर धरले तर २९४ किलो, म्हणजे माणशीं २७ किलोंच्या आंत. वर्षाचे झाले सुमारें ३२० किलो. एक शीतपेटी, एक देवघर, एकच दिवाणखाना. एकत्र कुटुंबाचे फायदे आमच्या मामंजींनीं आजवर पुष्कळ सांगितले होते, पण हा फायदा त्यांच्याहि यादींत नव्हता! तो ऐकून त्यांना झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

परंतु खरा धडा येथूनच पुढें आहे. भारतांत दर माणशीं वर्षाला सुमारें दोन टन, म्हणजे २००० किलो, कर्बवायु पडतो. घरच्या बिलांत त्याचा सहावा हिस्साच सांपडला. उरलेला गेला कोठें? तो पोलादांत आहे, सिमेंटांत आहे, मालमोटारींत व आगगाड्यांत आहे, कारखान्यांत आहे. दिवा मालवून, पंखा बंद करून त्या हिश्शाला हात लागत नाहीं. काटकसर हा सद्गुण आहे व तो घरांत असावाच. पण ज्या गोष्टी एकट्या घराच्या हातांत नाहींत त्यांना राज्याचे कायदे, कर व राष्ट्राराष्ट्रांतील करार लागतात. धोरण म्हणजे काय, हें मुलांना व्याख्येनें कळत नाहीं. सहांतून एक वजा केल्यावर उरलेल्या पांच हिश्शांकडे बोट दाखविलें म्हणजे कळतें.

त्या पांच हिश्शांपैकीं एक आमच्या गांवच्या वेशीवरच आहे. चंद्रपूरच्या वीजकेंद्राची शक्ति आज २९२० मेगावॉट आहे. वर्गांत उदाहरण घातलें: ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण शक्तीनें एक तास चालला, तर किती वायु निघेल? एका तासांत ५ लाख युनिटें. कोळशाच्या विजेस युनिटामागें सुमारें एक किलो. म्हणजे तासाला ५०० टन. मालगाडीच्या एका वाघिणींत साधारण ६० टन कोळसा मावतो. तेव्हां दर तासाला आठ वाघिणी भरतील एवढ्या वजनाचा वायु, डोळ्यांना न दिसतां, आकाशांत जातो. एखादें वाढतें झाड वर्षास दहा-वीस किलो शोषून घेतें असें धरलें, तरी त्या एका तासाच्या वायूकरितां पंचवीस ते पन्नास हजार झाडांनीं वर्षभर राबलें पाहिजे. ‘झाडें लावावींत’ ह्या उत्तराला त्या दिवशीं वर्गांत कोणी हात वर केला नाहीं.

त्या वर्गांत माझा पुतण्याहि होता, आणि त्याचे वडील, माझे धाकटे दीर, कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांतच अभियंते आहेत. रात्रीं पानें मांडलीं होतीं. वरणभात संपेपर्यंत चिरंजीव गप्प होते. मग मान वर न करितां ते म्हणाले, ‘बाबा, तुमच्या एका पाळींत एका संचाचे चार हजार टन होतात.’ भाऊजींचा हात थांबला. सासूबाई म्हणाल्या, ‘पानावर बसून हिशेब कसले मांडतोस रे?’ पण मुलानें हिशेब मांडला नव्हता, आरोप केला होता; आणि तें घरांतील सर्वांस कळलें. त्यानंतर ताकभात कोणी चवीनें खाल्ला नाहीं.

मंडळी उठल्यावर भाऊजी ओसरीवर आले. आवाज चढविण्याचा त्यांचा स्वभावच नाहीं. ते म्हणाले, ‘वहिनी, तुम्हीं शिकविलें तें खोटें नाहीं, आंकडा बरोबर आहे. पण वीस वर्षें रात्रपाळ्या केल्या, त्या ह्याच्यासाठींच केल्या. आज त्याच्या नजरेला मी गुन्हेगार दिसलों.’ मी म्हटलें, ‘भाऊजी, हिशेबाची जमेची व खर्चाची अशा दोन बाजू असतात. आज एकच बाजू झाली आहे. दुसरी ह्या आठवड्यांत घ्यावयाची आहे. ती तुम्हीं येऊन सांगावी, असें मला वाटतें.’ ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, ‘येतों. पण मी बाजू मांडायला येणार नाहीं. काम काय असतें, तेवढें सांगेन.’

आणि त्यांनीं तेवढेंच सांगितलें. कोळशाच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेंत उतरतो, बाकीचा धुरांड्यांतून व पाण्याच्या वाफेंतून निघून जातो. तो भाग शंभरांत एकानें जरी वाढविला तरी कोळशाच्या किती गाड्या वांचतात, हें त्यांनीं फळ्यावर मांडून दाखविलें. मध्यरात्रीं एखादा संच बंद पडला म्हणजे इस्पितळांतील शस्त्रक्रिया कोणाच्या जिवावर चालतात, तेंहि सांगितलें. जुन्या बनावटीचे २१० मेगावॉटचे दोन संच चंद्रपुरांत ह्यापूर्वींच बंद झाले आहेत, हें कित्येक मुलांना ठाऊकच नव्हतें. शेवटीं खाणींत काम करणाऱ्या एका गृहस्थाची मुलगी उभी राहिली. ‘काका, २०७० सालापर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्य करायचें असें आपल्या देशानें २०२१ सालीं ग्लासगोला सांगितलें आहे. मग खाणी बंद होत जाणार. आमच्या बाबांसारख्या माणसांनीं काय करायचें?’ भाऊजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘बाळ, ह्याचें उत्तर माझ्याजवळ नाहीं. पण हा प्रश्न तूं सोडूं नकोस.’ २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेंत कामगारांच्या न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख आहे, तो मीं वाचून दाखविला. एका ओळीनें त्या मुलीचें समाधान झालें नाहीं, आणि तें व्हावें असेंहि मला वाटत नाहीं. माझा पुतण्या सकाळीं एकटाच पायीं शाळेंत आला होता. जातांना तो वडिलांच्या गाडीवर मागें बसून गेला.

राष्ट्राराष्ट्रांचा वाद शिकविण्याकरितां वर्गांतच परिषद भरवावी लागते. कोणी अमेरिका होतें, कोणी चीन, कोणी युरोप, कोणी भारत, आणि दोन मुलें मालदीवचीं. आजवर जगानें सोडलेल्या एकंदर कर्बवायूपैकीं जवळ जवळ एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. आपला शंभरांत चाराच्या आसपास. दर माणशीं पाहिलें तर अमेरिकेचे सुमारें १४ टन, आपले दोन. उलट, दर वर्षाचा एकूण आंकडा घेतला तर चीन व अमेरिका यांच्या खालोखाल तिसरा क्रमांक आपला. तीन मापें, तीन निकाल. जो तो आपल्या सोयीचें माप उचलतो. भारताचीं मुलें मोठ्या तावातावानें म्हणालीं, ‘ज्यांनीं पंगत झोडली त्यांनींच उष्टीं काढावींत!’ १९९२ च्या रिओच्या करारांत सर्वांची जबाबदारी समाईक पण प्रत्येकाची निरनिराळी मानली आहे, तिचा ह्याहून नेमका अर्थ मला सांगतां आला नसता. तेव्हां मालदीवचा मुलगा म्हणाला, ‘आमची बहुतेक जमीन समुद्राहून एक-दीड मीटर उंच आहे. तुमचा वाद संपेपर्यंत आम्हीं कोठें उभें राहायचें?’ वर्ग शांत झाला.

ग्लासगोची गोष्ट सांगतांना व्याकरणाचाहि तास होऊन जातो. कोळसा क्रमाक्रमानें ‘बंद करणें’ असे शब्द मसुद्यांत होते. शेवटच्या घटकेस भारताच्या आग्रहानें ते क्रमाक्रमानें ‘कमी करणें’ असे झाले. एका क्रियापदापायीं सारी परिषद ताटकळली. तें क्रियापद बदललें हें योग्य कीं अयोग्य, यावर मुलांनीं दोन्ही बाजूंनीं निबंध लिहिले, आणि वाचतांना मला असें आढळलें, कीं ज्यांच्या घरीं खाण आहे त्यांनीं विरुद्ध बाजू अधिक चांगली मांडिली होती.

धोरणांत पैसा येतो, आणि पैसा म्हटला कीं मुलांचे कान टवकारतात. कोळशाच्या दर टनावर २०१० सालीं ५० रुपये उपकर बसला. तो वाढत वाढत २०१६ सालीं ४०० झाला. स्वच्छ ऊर्जेच्या कामाकरितां तो निराळा निधि होता. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला आणि कोळशावरची ती रक्कम राज्यांची नुकसानभरपाई करण्याकडे वळली. पुढें २०२५ च्या सप्टेंबरांत तो उपकरहि गेला व कोळशावरील मूळ कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. माझ्या आजेसासूबाई दूधवाल्याचे, किराण्याचे व सणाचे पैसे निरनिराळ्या डब्यांत ठेवीत आणि एका डब्यांतला पैसा दुसऱ्यांत गेला तर रात्रभर झोपत नसत. ही गोष्ट सांगितल्यावर एका मुलीनें विचारलें, ‘मग सरकारच्या डब्यावर कोण लक्ष ठेवितें?’ नागरिकशास्त्राच्या पुस्तकाचा सारा हेतु त्या प्रश्नांत सामावला आहे.

इतकें सगळें मुलांना सांगावें कां, कोंवळ्या मनांवर भीतीचें ओझें कां घालावें, असें कांहीं पालक मला कळवळून विचारतात. त्यांचा कळवळा मला समजतो. परंतु मुलें जें ऐकतात त्याला फारशीं भीत नाहींत. वडील मंडळी जें कुजबुजतात त्याला भितात. मात्र सत्य सांगावयाचें तर तें दोन्ही बाजूंनीं सांगितलें पाहिजे. ओझोनच्या बाबतींत जगानें एकजुटीनें काम केलें व तें फळास आलें, हें सत्य आहे. आपल्या देशाच्या वीजनिर्मितीच्या शक्तीपैकीं निम्मी २०२५ सालीं कोळसा, तेल व वायु यांच्यावांचूनची झाली, आणि ठरलेल्या २०३० च्या मुदतीपूर्वीं झाली, हेंहि सत्य आहे. आणि ‘शक्ति’ म्हणजे ‘निर्मिति’ नव्हे. सूर्य रात्रीं मावळतो, वारा पडतो, म्हणून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेंत कोळशाचा वांटा अजून शंभरांत सत्तरांच्याहि वर आहे, हें त्याहून महत्त्वाचें सत्य आहे. पहिलें तेवढें सांगितलें तर मुलें निष्काळजी होतात, शेवटचें तेवढें सांगितलें तर निराश. तिन्ही सांगितलीं म्हणजे तीं वही उघडतात.

‘अमेरिकेनें २०२५ सालीं पॅरिस करारांतून दुसऱ्यांदा पाय काढून घेण्याचें जाहीर केलें, मग आपणच कां शिकावें?’ हाहि प्रश्न वर्गांत आला होता. त्याचें उत्तर द्यावयास मी तोंड उघडण्यापूर्वींच एक शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, ‘पाऊस आपल्या रानांत पडायचा असतो, म्हणून.’

वाचकभगिनींना व घरांतील वडील मंडळींना माझी विनंति मोठी नाहीं. विजेचें बिल आलें म्हणजे तें खुंटीला लावण्यापूर्वीं घरांतील नववी-दहावीच्या मुलाच्या हातीं द्यावें, आणि युनिटांचा आंकडा त्याच्या तोंडून वाचून घ्यावा. त्यानें कांहीं अवघड विचारलें तर ‘मोठा झालास कीं कळेल’ असें म्हणून त्याला उठवूं नये. त्याच्या प्रश्नांत एखाद वेळीं आपल्या मिळकतीवरहि बोट येईल. तें सोसावें; कारण ज्या मुलाला घरांत हिशेब विचारतां येतो, तोच पुढें चारचौघांत आणि राज्यकर्त्यांपुढें उभा राहून हिशेब विचारूं शकतो.